पाण्यातला घाट

एप्रिल सरता सरता मिशिगनमधल्या लेक सेंट क्लेअरच्या काठी बोटींवरची पांढरी प्लास्टिकं फाडायला सुरुवात होते. सहा महिने भुतांसारख्या उभ्या राहिलेल्या त्या आकृत्यांतून लाल, निळे, पिवळे देह बाहेर पडतात. आमच्या गल्लीत मात्र वसंताची चाहूल आधी कानांना लागते. शेजारचा म्हातारा ट्रेलरवरच्या बोटीला बागेच्या नळीचे रबरी पेले कानटोपीसारखे चढवतो, पाणी सोडतो, चार मिनिटं ब्लोअर चालवून इंजिनाच्या कप्प्यात साठलेली पेट्रोलची वाफ बाहेर हाकलतो आणि मग किल्ली फिरवतो. 7.4 लिटरचं, आठ सिलिंडरचं शेव्हरोले इंजिन दोनदा खाकरतं, थांबतं, पुन्हा खाकरतं आणि मग असं गरजतं की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी मांडणीवर थरथरतात.

म्हातारा निवृत्त टूलमेकर. मी डेट्रॉईटकडच्या इतर अनेक मराठी माणसांसारखाच गाड्यांच्या धंद्यात. इंजिनं ट्यून करणं हेच माझं काम, पण ते पडद्यावर. हाताला तेल लागून वीस वर्षं झाली होती. तीन हिवाळ्यांपूर्वी त्याने कुंपणापलीकडून विचारलं, बोटं साथ देत नाहीत, पाना धरायला येशील का? मी गेलो तो त्याच्यासाठी थोडा आणि त्या वासासाठी जास्त. जुनं इंजिन ऑइल, रॉकेल आणि थंड लोखंड यांचा तो वास कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या काकाच्या शेडमध्ये माझ्या शाळेच्या दप्तरालाही यायचा. तिथे गुऱ्हाळांची आणि पंपांची इंजिनं यायची. काका स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. "एक आवळलंस की दुसरं बोलायला लागतंय बघ," असं तो म्हणायचा. तेव्हा मला वाटायचं, जास्त पैसे लावायची ही युक्ती असेल.

बोटीच्या इंजिनाचं दुखणं वेगळं असतं. मोटार सपाट हमरस्त्यावर एकदा वेगात आली की वीस-पंचवीस हॉर्सपॉवरवर गुणगुणत जाते, बाकीची ताकद नुसती खिशात. बोटीला तसा दिलासा नाही. थ्रॉटल सोडला की पाणी लगेच धरून ठेवतं. उसाच्या ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आंबा घाट चढतोय आणि घाटाला माथाच नाही, असं काहीसं. त्यात बाहेरून तळ्याचं बर्फासारखं पाणी ब्लॉकमध्ये खेळतं आणि आत पिस्टनच्या डोक्यावर आग. फोर्ज केलेला पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरची भिंत मात्र थंडच राहते. म्हणून दोघांमधली फट गाडीपेक्षा थोडी सैल ठेवावी लागते. सकाळी थंड इंजिन त्यामुळे खुळखुळतं. नवख्याला वाटतं काहीतरी मोडलं. म्हातारा त्या खुळखुळीवर कॉफीचा पहिला घोट घेतो.

इंजिनाची ताकद वाढवून किती वेग मिळेल याचा हिशेब मी पहिल्याच संध्याकाळी मांडून दाखवला होता. पाण्यावर तरंगत धावणाऱ्या बोटीचा वेग ताकदीच्या वर्गमुळाने वाढतो. 330 हॉर्सपॉवरला 52 मैल मिळत असतील, तर 400 ला मिळणार 57. पाच मैलांसाठी नवी हेड, नवा कॅमशाफ्ट, नवा मॅनिफोल्ड आणि एक अख्खा हिवाळा. दुप्पट वेग हवा असेल तर चौपट घोडे लागतील. म्हाताऱ्याने कागद नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, पाच मैल म्हणजे बरेच झाले की.

हे वेड या पाण्याचंच आहे. तळ्याच्या उत्तर टोकाला अल्गोनॅक नावाचं गाव आहे. गार वूडच्या बोटी तिथे बनायच्या. डंपरचा हौदा उचलणारा हायड्रॉलिक जॅक त्याने काढला आणि त्यातून आलेला पैसा पाण्यात घातला, अगदी शब्दशः. 1920 साली इंग्लंडला जाऊन त्याने हार्म्सवर्थ करंडक आणला तेव्हा त्याच्या बोटीत महायुद्धासाठी बनवलेली दोन लिबर्टी विमान-इंजिनं होती. 1932 मध्ये त्याच्या 'मिस अमेरिका दहा'मध्ये बारा सिलिंडरची चार पॅकार्ड इंजिनं होती आणि सेंट क्लेअर नदीवर ती तासाला 124 मैलांच्या वर गेली. इंजिनांची एकूण ताकद या बारा वर्षांत कितीतरी पट वाढली, वेग मात्र दुपटीलाही पोचला नाही. वर्गमूळ श्रीमंतालाही सोडत नाही. अर्थात वेगाच्या त्या पैजेत काहींनी जीव घालवला. जमिनीवरच्या वेगाचा विक्रमवीर सर हेन्री सेग्रेव्ह 1930 मध्ये विंडरमिअर तळ्यावर 'मिस इंग्लंड दोन' उलटून गेला. पाण्याला आपण मऊ समजतो ते फक्त घागर बुडवताना.

आमचा पहिला हिवाळा हेडमध्ये गेला. व्हॉल्व्हच्या बैठकीखाली ओतकामाची जी कडा राहते ती हाताच्या ग्राइंडरने मोडायची, मग करंगळी आत घालून चाचपायचं. हवा जिथून वळणार तिथे बोट अडखळलं तर हवाही अडखळणार. नोकरीत मी हवेचा प्रवाह रंगीत पट्ट्यांमध्ये पाहतो. तिला वळायला त्रास होतो हे कातडीला पहिल्यांदाच कळलं.

कॅमशाफ्ट मी निवडला, आणि चूक तिथेच झाली. माझ्या तक्त्यात तो सगळ्यांत सुंदर दिसत होता. आत घेणारा आणि बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे राहतात, तो क्षण या कॅममध्ये लांब होता. मोठ्या वेगात त्याचा फायदा होतो, सिलिंडर छातीभर श्वास घेतं. संथ चालताना मात्र तीच दारं उघडी राहून धूर उलटा आत ओढला जातो. गाडीत याने इंजिन थोडं डळमळतं, एवढंच. बोटीत मात्र एक्झॉस्ट थंड करायला त्यात पाणी सोडलेलं असतं. दोन शनिवार-रविवार आम्ही धक्क्यापाशी उभं राहून त्या डळमळीत, लयदार गुरगुरण्यावर खूश होतो. तिसऱ्या शनिवारी डिपस्टिक काढली तर तिला दुधाळ चहा लागलेला. मागच्या प्लगवर गंजाचा ठिपका. प्रत्येक गुरगुरीबरोबर इंजिन तळं पीत होतं.

म्हातारा मला काहीच बोलला नाही. ते जास्त लागलं.

दुसरा कॅम आला, दारं कमी वेळ एकत्र उघडी ठेवणारा. माझ्या तक्त्यातले वीसेक घोडे गेले. तेल चार वेळा बदललं. तरी मधल्या वेगात इंजिन मिस मारायचं, चालता माणूस ठेचकाळावा तसं. कार्ब्युरेटर उघडून पाहिला, टायमिंग तपासलं. मग म्हाताऱ्याने हेडच्या झाकणावर बोटं वाजवत फायरिंग ऑर्डर म्हणायला सुरुवात केली, आमच्याकडे पोरं पाढे म्हणतात त्या चालीत: एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन. पुन्हा. पाच-सातपाशी त्याचं बोट थांबलं. पाचवं आणि सातवं सिलिंडर एकाच बाजूला, शेजारी शेजारी, आणि पेटतातही एकापाठोपाठ. त्यांच्या प्लगच्या वायरी मी झिप-टायने सुबक एकत्र बांधल्या होत्या. समांतर गेलेल्या वायरींत एकीतल्या विजेने दुसरीत वीज जागी होते. पाचव्याची पाळी असताना सातवंही अवेळी पेटत होतं. टाय कापला, दोन वायरी बोटभर लांब केल्या. ठेच गेली. माझा नीटनेटकेपणा त्या इंजिनाला दोनदा नडला, एकदा तक्त्यात आणि एकदा वायरीत.

जुलैत तळं आरसा झालं की आम्ही प्लग वाचायला जातो. हे तळं भलतं उथळ, सरासरी खोली अकराच फूट, वारा आला की लाटा आखूड आणि टोकदार होतात, म्हणून पहाटेच जायचं. एकवीस इंची पिचचा पंखा काढून तेवीसचा लावला होता. पिच म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यात बोट कागदावर किती पुढे जाते ते माप. पाणी त्यातला सहावा-सातवा हिस्सा आपल्याकडे ठेवून घेतंच. पूर्ण थ्रॉटलवर काही सेकंद, जीपीएसवर 57, आणि मग थ्रॉटल मागे घेऊन इंजिन बंद.

त्यानंतरची शांतता मला नीट सांगता येणार नाही. बोट पुढून उठलेली असते, ती खाली बसते. आपणच मागे टाकलेली लाट मागून येते आणि मागची बाजू हळूच उचलून पुढे निघून जाते. मग गरम लोखंडाची टिकटिक. म्हातारा हातमोजे घालून प्लग काढतो, एकेक उन्हात धरतो. पोर्सेलिन पांढरं पडलं तर पेट्रोल कमी, काळं पडलं तर जास्त, भाजक्या बिस्किटासारखं असलं तर बरोबर. आठही बिस्किटं. त्याने ती टोपीत ओळीने ठेवली, मला दाखवली, पुन्हा पाहिली.

त्या संध्याकाळी इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून काकाला पाठवला. त्याने दोनदा ऐकला, मग फोन केला. "आवाज बरा हाय रे. पाणी किती उपसतंय?" मी म्हटलं, काका, हे पाणी उपसत नाही. तो जरा वेळ गप्प राहिला. "मग एवढं कशाला केलासा?"

ऑक्टोबरमध्ये बोट बाहेर काढली. ब्लॉकची बुचं उघडून पाणी सोडलं. राहिलेल्या घोटभर पाण्याचंही बर्फ होऊन ओतीव ब्लॉक तडकू शकतो, म्हणून म्हातारा प्रत्येक भोकात तार घालून गाळ मोकळा करतो, मग गुलाबी अँटिफ्रीझ भरतो. शेवटी पंखा फिरवणाऱ्या ड्राइव्हचं तेल काढायला खाली परात ठेवली. सप्टेंबरपासून चाळिशीच्या वेगाला मागून एक बारीक सूर यायला लागला होता, डासासारखा. आम्हा दोघांनाही तो ऐकू येत होता, कोणी बोललं नव्हतं. ड्राइव्हच्या बुचाला लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी लगदा होता, तो नेहमीच असतो. म्हाताऱ्याने तो अंगठ्याने पुसला, अंगठा दिव्याखाली धरला आणि बोटांत चोळून पाहिलं. लगद्यात तांदळाच्या कणीएवढं काहीतरी चमकलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गॅरेजचं दार ओढून घेतलं. बाहेर गार वारा सुटला होता.