कडब्याचं देणं

सातारा-सांगलीकडच्या खेड्यात आग लागली की पहिला फोन जातो साखर कारखान्याला, कारण जवळचा बंब त्यांचाच असतो. नगरपालिकेचा बंब तालुक्याहून येणार, तोवर शाकाराचं छप्पर शिल्लक राहत नाही. यात बंबवाल्यांचा दोष नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं अग्निशमनाचं काम शहरांच्या यादीत घातलं. ७३ व्या दुरुस्तीनं पंचायतींना २९ विषय दिले, त्यात आगीचं नाव नाही. म्हणजे बंब पोचेपर्यंतची वेळ गावाची गावानंच निभवायची. आमच्या गावाला ती निभवायला तात्यांनी शिकवलं. त्यांचे उपकार अख्ख्या गावावर आहेत, पण आमच्या घरावर जरा जास्तच.

तात्या तुफान सेनेतले. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. आमचा मुलूख साताऱ्यातच मोडायचा आणि कुंडल औंध संस्थानात होतं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं कुंडलला जी सेना उभी केली तिचे फील्डमार्शल जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड, ज्यांना सगळे कॅप्टन भाऊ म्हणत. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी अडवली ती याच पोरांनी. तात्या मात्र गाडीबद्दल फारसं बोलत नसत. ते सांगायचे कवायतीचं: निरोप एका गावातून दुसऱ्या गावात कसा जायचा, शिट्टी झाली की कुणी कुठं उभं राहायचं, हुकूम एकानंच का द्यायचा. १४ एप्रिल १९४४ ला सेनेच्या तुकडीनं खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, आणि त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट होऊन ६६ अग्निशामक जवान कामी आले. या दोन्ही गोष्टी तात्या पोरांना एका दमात सांगत. आपल्या माणसांची जेवढी आठवण ठेवायची तेवढीच त्या बंबवाल्यांचीही, असा त्यांचा आग्रह असे.

आमची गंजी पेटली ती १९७२ च्या दुष्काळात. खरिपाचं काही हाती लागलं नव्हतं. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, घरी मिलो आणि सुकडी. गोठ्यामागं रचलेला आदल्या सालचा कडबा हीच काय ती आमची दौलत. दुपारची वेळ, वारा सुटलेला, आडात पोहरासुद्धा नीट बुडत नव्हता. वडील कामावरून धावत आले तोवर अर्धी गंजी लाल झाली होती. ते घागर घेऊन तिकडं झेपावले, तर तात्यांनी त्यांचा दंड धरला.

“गंजी गेली, दादा. तिच्यावर पाणी घालू नगा. शाकार भिजवा, शाकार!”

वाऱ्याच्या दिशेला शेजाऱ्यांची तीन घरं होती, तिन्ही शाकारलेली. तात्यांनी आधी आमच्या बैलांची दावी कोयत्यानं तोडायला लावली. मग माणसांची रांग केली, आडातलं होतं नव्हतं ते पाणी शेजाऱ्यांच्या छपरांवर घातलं, आणि पाणी संपल्यावर उकिरड्याचा शेणकाला पाट्यांनी वर चढवला. घोंगडी भिजवून दोन पोरं आढ्यावर बसवली, ठिणगी पडली की दाबायला. आमचा गोठा त्यांनी चक्क पाडायला लावला. वडिलांच्या डोळ्यांदेखत कडबा जळत राहिला. ते रागानं थरथरत होते. आमचं राहू द्यायचं आणि लोकांचं वाचवायचं, हा कुठला न्याय, असं ते त्या रात्री आईला म्हणाले. मी जागा होतो.

गंजी तीन दिवस आतून धुमसत होती. तात्या रोज येऊन दाताळ्यानं ती उसकटायचे आणि माती टाकायचे. चौथ्या दिवशी ते दारात आले, तेव्हा मागं डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या घेतलेली माणसं होती. घराघरातून मागून आणलेल्या. कुणी पाच दिल्या होत्या, कुणी दोन. ज्यांची स्वतःची जनावरं उभी राहू शकत नव्हती त्यांनीही दिल्या होत्या, आणि पहिल्या पेंढ्या त्या तीन घरांच्या. आमचे दोन्ही बैल त्यावर जगले. वडील काही बोलले नाहीत. पण पाऊस पडल्यावर तात्यांनी तालमीतली पोरं जमवून आगीसाठी टोळी उभी केली, तेव्हा तिच्यात वडिलांनी पहिलं नाव दिलं. पोरांत ते एकटेच पोरंबाळं असलेले.

टोळीला नाव नव्हतं, पावतीपुस्तक नव्हतं. तालमीत एक शिडी, काही कोयते, फावडी, दाताळी आणि वाळूची पोती ठेवलेली असत; ती शेतीकामाला कुणी न्यायची नाहीत. शिट्टी तात्यांची. आधी माणसं, मग जनावरं, मग शेजाऱ्याचं छप्पर, आणि पेटलेलं घर शेवटी, हा क्रम पोरांच्या तोंडी बसला होता. गावात वीज आल्यावर नवं संकट आलं. वाऱ्यानं झोळ पडलेल्या तारा एकमेकींवर घासायच्या, ठिणगी पाचटात पडायची आणि ऊस भडकायचा. तात्यांनी तिथंही आधी वायरमनला गाठून लाइट बंद करायचा नियम घातला. त्याशिवाय पाण्याचा थेंब टाकायचा नाही. उसाच्या आगीला पाणी पुरत नाहीच. वाऱ्याच्या पुढं जाऊन चार-सहा सऱ्या तोडायच्या, पाचट ओढून रान मोकळं करायचं, आणि उरलेली आग निरगुडीच्या ओल्या फांद्यांनी झोडपायची. जळीत ऊस लगेच गाळपाला गेला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात, कारखाना कपात करतो. म्हणून विझवून झाल्यावर हीच पोरं तोडणीलाही लागत. विझवणं आणि मालकाला उभं करणं ही तात्यांच्या लेखी वेगळी कामं नव्हती. माझ्या मते त्यांची खरी थोरवी यातच आहे.

तात्या गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. आता ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे: १८०० २७० ३६०० वर एकानं फोन करून सांगितलं की तोच आवाज गावच्या सगळ्या मोबाइलवर वाजतो. माझा नंबर मी साताऱ्यात राहूनही गावच्या यादीत ठेवला आहे. पोरांच्या पाठीला आता फवारणीचे पंप असतात, ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर असतो.

वडिलांनी त्या दिवशी आलेल्या पेंढ्यांचा हिशेब वहीत लिहून ठेवला होता, घरवार. पुढं सुगी चांगली झाली तेव्हा ते परत द्यायला निघाले, तर कुणी घेईना. तात्या म्हणाले, “ज्याचं जळंल त्याला द्या.” तेव्हापासून आमच्या भागात कुणाची गंजी जळाली की पहिल्या पेंढ्या आमच्या घरून जातात. आता हे भाऊ बघतो. गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या वाडीत एका विधवा बाईचा गोठा जळाला. भावानं ट्रॉली भरून नेली, डिझेलचे पैसे मी पाठवले. तिनं विचारलं, हे कधी फेडायचं? भावानं तिला तात्यांचा शब्द सांगितला आणि मोकळी ट्रॉली घेऊन तो परत आला.