मुलाच्या कलाने

'कल' हा आपल्या मराठीतला मोठा छान शब्द आहे. जमिनीचा कल, मनाचा कल, आजारी माणसाच्या कलाने घेणे, मुलाच्या कलाने घेणे. ज्यांनी आमच्या खाजन शेतांच्या आसपास बालपण काढले, त्यांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पाणी कलाने जाते हे खरे, पण बांध नीट नसला, मानशीची दारे वेळेवर उघडली-मिटली नाहीत, तर गोडे शेत खारे व्हायला वेळ लागत नाही. हल्ली खाजगी बालशाळांच्या फलकांवर 'चाइल्ड-लेड लर्निंग' ही अक्षरे दिसू लागली आहेत. ती वाचताना मला हा आपला कल आठवतो. आणि त्याचबरोबर बांधही!

माझी चार वर्षांची नात अशाच एका शाळेत जाते. लेक-जावई दोघेही नोकरीवर, त्यामुळे पोचवण्या-आणण्याचे काम माझ्याकडे. शाळा एका जुन्या घरात भरते. बाके नाहीत. मुलांच्या हाताला लागतील अशी बुटकी कपाटे, त्यांत मांडलेले साहित्य. प्रत्येक वस्तू एकच. दुसऱ्याने घेतली असेल तर थांबायचे. आपल्याला हवी ती वस्तू घ्यायची, चटई अंथरायची, मन भरेपर्यंत करायचे आणि होती तिथे नेऊन ठेवायची. आमच्या बाईसाहेबांनी पहिले तीन आठवडे काय केले म्हणाल, तर एका भांड्यातले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतले. बस्स!

जावई वैतागले. शेजारचा याच वयाचा मुलगा दुसऱ्या शाळेत वही भरून एबीसीडी लिहितो. "आई, पाणी ओतायला शिकण्यासाठी एवढी फी भरायची?" प्रश्न अगदीच गैर नव्हता. पण त्याच आठवड्यात नातीने जेवताना स्वतःचा पेला स्वतः भरला. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "आजी, हांव करतां. तूं पळय." थेंबही सांडला नाही. मनगट असे स्थिर झाले की पेन्सिल हातात धरायला किती वेळ लागणार?

ही विद्या काही आजची नव्हे. मारिया मॉन्टेसरी या इटालियन डॉक्टरबाईंनी 1907 साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालघर उघडले. आज महागड्या शाळांच्या पत्रकांवर झळकणारे हे नाव मुळात कामकऱ्यांच्या मुलांसाठी होते, हे आपण विसरतो. त्यांच्या साहित्यात गुलाबी ठोकळ्यांचा एक मनोरा असतो. ठोकळे 10, सर्वांत लहान 1 सेंटीमीटरचा, सर्वांत मोठा 10 सेंटीमीटरचा. रचताना क्रम चुकला की मनोराच ते दाखवून देतो, बाईंना ओरडावे लागत नाही. तसेच खरखरीत कागदाची अक्षरे. त्यांवरून मुलाने बोट फिरवायचे, अक्षराचा उच्चार करायचा, आणि मग कधीतरी लिहायचे. ती पाहिली आणि मला जुन्या पंतोजींची धूळपाटी आठवली. पाटीवर धूळ पसरून तिच्यात बोटाने गिरवलेली धुळाक्षरे! बोटाला आधी कळते आणि डोळ्याला नंतर, हे आपल्याकडेही कोणाला तरी उमगलेच होते.

तर शाळेबद्दल माझी तक्रार नव्हती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र एक गोष्ट घडली. परसातल्या झाडाखाली पडलेले पिकलेले भिरंड नातीने उचलले आणि शाळेत नेले. ते हातात धरून तिने मोठ्या कौतुकाने सांगितले, "भिरंड!" बाईंनी हसून दुरुस्त केले, "नो, से रेड फ्रूट." त्या रागावल्या नाहीत, प्रेमानेच म्हणाल्या. पण घरी येताना पोरीने मला हळूच विचारले, "आजी, भिरंड म्हणूंक ना?"

मला काही सुचेना. वस्तू तिने निवडली, वेळ तिचा, चटई तिची, शब्द मात्र दुसऱ्याचा! याला मुलाचा कल कसा म्हणायचा? भिरंड म्हटले की वास येतो, जीभ आंबट होते, सोलकढी डोळ्यांसमोर येते. 'रेड फ्रूट' म्हटले की काय येते? तांबडा रंग, आणखी काही नाही.

हा प्रश्न आपल्याच माणसांनी फार पूर्वी सोडवलेला आहे. गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी मॉन्टेसरीचे तत्त्व घेतले, पण महागड्या साहित्याचा हट्ट धरला नाही. 1945 साली त्या बोर्डीला गेल्या. पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये त्यांनी काम उभे केले. बिया, पाने, खडे, शिंपले हेच साहित्य. मुले शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. 1975 साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि हा शब्द देशभर पोचला. मुलाच्या अंगणात जायचे म्हणजे त्याच्या बोलीतही जायचे, हे या दोघींना वेगळे सांगावे लागले नाही.

आणि आपण गोंयकार? मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी शाळा झाल्या. 1990 साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांपुरते ठेवले गेले, तर 2011 साली ते इंग्रजीलाही खुले झाले. मराठी की कोकणी यावर आपण इतकी वर्षे भांडलो, आणि चार वर्षांच्या पोराच्या तोंडून तर दोन्ही निसटून चालल्या आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे असे लिहिले आहे. पण ते कागदावर.

मी बाईंना भेटले. भांडायला नव्हे, बोलायला. भिरंडाचा विषय काढताच त्यांचा चेहराच बदलला. त्या सत्तरीच्या. माहेरी भिरंडाची सोले अंगणात वाळत घालतात ते त्यांनी अस्सल कोकणीत सांगितले. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आजी, प्रवेशाला येणारे आईबाप पहिला प्रश्न इंग्रजीचाच विचारतात. मी तरी काय करू?"

त्यांचेही खरेच. लेक-जावयांशी बोलून आम्ही तिघांनी मिळून त्यांना एक चिठ्ठी दिली. आमच्या मुलीने घरचा शब्द वापरला तर तो चालू द्यावा, इंग्रजी शब्द त्याच्या शेजारी ठेवावा, त्याच्या जागी नव्हे. जावयांनी सही केली, पण डिसेंबरपर्यंत वाट पाहू, असेही ते म्हणाले. त्यानंतर दुसऱ्या शाळांचे प्रवेश सुरू होतात.

तुमच्या घरातही असे एखादे पोर असेल, तर त्याच्या शाळेला फीबरोबर अशी एक चिठ्ठी द्या. दहा घरांतून दहा चिठ्ठ्या गेल्या तर बाईंना आपली भाषा बोलायला बळ येईल. त्यांनाही ती हवीच आहे.