मोतीचं न्हाणं



मंडळाच्या अंकात ओव्हनमधल्या चकलीपासून ग्रीन कार्डापर्यंत सगळ्या विषयांवर लेख येऊन गेले. कुत्र्याला घरात आंघोळ कशी घालावी यावर मात्र कोणी लिहिल्याचं आठवत नाही. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आता कुत्रं आहे आणि शिकागोचा हिवाळा सर्वांना सारखाच आहे. तेव्हा हा विषय आम्ही घेतो. आम्ही म्हणजे आम्ही दोघं. एक साबण लावतो, दुसरी धरून ठेवते, कधी उलट.

गावाकडे कुत्र्याच्या आंघोळीचा प्रश्नच नसतो. कुत्रं अंगणातलं. पाऊस आला की धुतलं जातं, ऊन पडलं की वाळतं. फार तर गणपतीच्या आधी कोणीतरी हौसेने बादलीभर पाणी ओततं. पण मोरीत कुत्रं? तिथे बंब असतो, पाट असतो, माणसं न्हातात. इथे उन्हाळ्यात मागच्या अंगणात नळी लावून काम भागतं. थंडी सुरू झाली की बाहेरचा नळच बंद करून ठेवावा लागतो, नाहीतर पाइप फुटतो. ३० जानेवारी २०१९ ला ओ'हेअरवर पारा उणे २३ फॅरनहाइटला गेला होता, म्हणजे आपल्या भाषेत जवळजवळ उणे ३१ सेल्सिअस. पोस्टमननेही त्या दिवशी सुट्टी घेतली. कुत्र्याला मात्र सुट्टी नसते, त्याला बाहेर जावंच लागतं.

शिवाय हिवाळ्यातच ते जास्त धुवावं लागतं. फुटपाथवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते पंजांच्या बोटांमध्ये अडकतं, तळवे चुरचुरतात, मग कुत्रं ते चाटतं आणि मीठ पोटात जातं. म्हणून रोज पाय, आणि महिन्या-दोन महिन्यांनी सगळं अंग. त्याहून जास्त वेळा न्हाऊ घातलं तर कातडीचं तेल निघून जाऊन खाज सुटते, असं आमच्या व्हेटने पहिल्याच भेटीत बजावलं होतं.

आमचा मोती २०१४ साली शेल्टरमधून आला. तेव्हा वर्षाचा होता. लॅब्रॅडॉर अधिक काहीतरी, वजन पासष्ट पौंड, रंग काळाकुट्ट. तरी नाव मोती, कारण कुत्र्याला मोती म्हणायचं हे आम्हां दोघांच्याही डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. "मग दिवाळीला मोतीला मोती साबण का?" हा विनोद आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा करतो. त्याचं उत्तर एकदाचं लिहून ठेवतो: नाही. माणसाची कातडी किंचित आम्लधर्मी असते, कुत्र्याची न्यूट्रलच्या जवळची. आपला साबण आणि आपला शाम्पू त्याला मानवत नाही. कुत्र्यांचा शाम्पू वेगळा मिळतो, तोच घ्यावा. टी ट्री ऑइल वगैरे घरगुती उपाय तर अजिबात नकोत. ते कुत्र्याला विषारी असतं.

आता कृती. आधी कोरड्या अंगाला ब्रश. गुंता ओला झाला की तो आवळून बसतो, मग कात्रीच लागते. गाळणीवर जाळी बसवायची, नाहीतर प्लंबर येतो. टबात रबरी चटई. पाणी कोमट, मनगटाच्या आतल्या बाजूवर घेऊन पाहायचं, तान्ह्या बाळासाठी पाहतो तसं. हँड शॉवर अंगाला अगदी टेकवून धरायचा, म्हणजे आवाज कमी होतो. मानेपासून शेपटीकडे जायचं. डोकं सर्वांत शेवटी, तेही फडकं ओलं करून पुसायचं. कानात पाणी जाता कामा नये. साबण निघाला असं वाटल्यावर आणखी तितकाच वेळ धुवायचं, कारण लॅबच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि आतल्या थरात साबण लपून बसतो. पुसायला टॉवेलपेक्षा देशातून आणलेले जुने पंचे बरे. पाणी झटकन शोषतात आणि केस धरून ठेवत नाहीत.

यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू ती चटई. मोती पाण्याला भीत नाही. मॉन्ट्रोजच्या डॉग बीचवर लेक मिशिगनमध्ये तो न विचारता उडी मारतो आणि हाका मारूनही बाहेर येत नाही. पण टबात पाय ठेवला की थरथर. पायाखालची जमीन सरकते, ही त्याची भीती. गुळगुळीत टबात चार पाय चार दिशांना जातात, वर दोन माणसं अंगावर वाकलेली, पळायला वाट नाही. चटई घातली आणि त्याची थरथर निम्म्याने कमी झाली. उरलेली निम्मी बोलण्याने जाते. "आता पाय हं. आता पाठ. शहाणा माझा तो." त्याला मराठी कळतं का, हे विचारू नका. आवाज कळतो.

मग ते अंग झाडणं. २०१२ साली जॉर्जिया टेकच्या लोकांनी उंदरापासून अस्वलापर्यंत निरनिराळे प्राणी भिजवून हे मोजलं. जनावर जितकं लहान तितकं ते जोरात थरथरतं: उंदीर सेकंदाला तीस वेळा, मोठं कुत्रं चार-पाच वेळा. अंगावरचं बहुतेक पाणी काही सेकंदांत उडतं. कुठे उडतं ते आमच्या बाथरूमच्या छताला विचारा. पुढे २०२४ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मानेवर तेलाचे थेंब टाकून शोधलं की ही झाडण्याची आज्ञा कातडीतले कोणते मज्जातंतू देतात. अगदी हलका स्पर्श ओळखणारे ते तंतू आहेत, आणि तसेच तंतू माणसाच्या केसाळ कातडीतही असतात. कुणी पाठीवरून हळुवार हात फिरवला की आपल्याला बरं वाटतं, त्यात त्यांचा वाटा असतो.

आता आईंबद्दल. आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीच्या सासूबाई. लिहिताना आदरार्थी बहुवचन सोयीचं. बाबा गेल्यावर २०१७ मध्ये त्या सातारहून कायमच्या इथे आल्या. आमच्या घरात टब एकच. "ज्यात कुत्रं न्हातं त्यात मी न्हायचं?" हा त्यांचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न. तोड अशी निघाली की मोतीची आंघोळ शनिवारी, सगळ्यांची झाल्यावर. नंतर टब ब्लीचने घासायचा, आणि घासून झाला की आई गंगेच्या गडूतले दोन थेंब शिंपडणार. आमच्या मुलीने एकदा त्यांच्या देव्हाऱ्यातल्या दत्ताच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. "आजी, तुझ्या देवाकडे चार आहेत. आमच्याकडे एकच." आई म्हणाल्या, "ते चार वेद आहेत." "मग त्यांना आंघोळ कोण घालतं?" यावर आई पोथी वाचायला बसल्या.

पण शनिवारी न्हाणं चाललं की त्या बाथरूमच्या दाराबाहेर स्टूल घेऊन बसत. शिवायचं नाही, पण सूचना द्यायच्या. आयुष्यात त्यांनी आळीतली किती बाळं पायांवर घेऊन न्हाऊ घातली, त्याचा हिशेब नाही. "आधी पायांवर पाणी घाला," त्या म्हणायच्या. "एकदम पाठीवर नको. अंगाला कळू दे काय येतंय ते." हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं, आणि मोतीला ते लगेच पटलं.

२०२१ च्या मार्चमध्ये रात्री साडेदहाला मोतीची स्कंकशी गाठ पडली. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. टोमॅटोच्या रसाने तो झाकला जातो, जात नाही. त्यात गंधकाची संयुगं असतात. त्यावरचा खरा उतारा आपल्याच इलिनॉयमधल्या पॉल क्रेबाउम या रसायनशास्त्रज्ञाने दिला, तो १९९३ साली छापून आला: एक क्वार्ट ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा, एक-दोन चमचे भांडी घासायचा पातळ साबण. ताजं करायचं, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, पाच मिनिटं ठेवून धुवायचं. उरलेलं बाटलीत भरून ठेवू नका, वायू होऊन बाटली फुटते. पेरॉक्साइड घरात होतं. सोडा आईंच्या ढोकळ्याच्या डब्यातून आला. नाकाला पदर लावून तो त्यांनीच आणून दिला, आणि पहिल्यांदाच उंबरठ्याच्या आत उभ्या राहिल्या. "नामदेवमहाराज कुत्र्यामागे तूप घेऊन धावले," त्या म्हणाल्या, "माझ्या नशिबी सोडा."

त्यानंतर वर्षभराने आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाके निघाले, डॉक्टरांनी आंघोळीला परवानगी दिली, आणि घरात सगळं अवघड होऊन बसलं. टबाची कड चांगली दीड वीत उंच, पाय वर उचलत नाही. मदतीला एक बाई ठरवली होती, भली होती. आईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. आमच्यापैकी कुणी आत यायचं म्हटलं तर त्या भिंतीकडे तोंड करून बसत. ज्या बाईने गावातली पोरं न्हाऊ घातली तिला कुणी न्हाऊ घालायचं, हे तिला सोसवेना. चार दिवस नुसतं अंग पुसणं चाललं.

आम्ही टबावर बसायचा बाक आणला. भिंतीतलं लाकूड शोधून त्यात स्क्रूने धरायचा दांडा बसवला. चोषकाने चिकटणारे दांडे भार पडला की निसटतात. खाली नवी रबरी चटई घातली. पाचव्या दिवशी आई हे सगळं पाहून गेल्या, आणि संध्याकाळी आपणहून म्हणाल्या, "मोतीला घालता तशी घाला. आधी पायांवर. आणि काय करताय ते सांगत राहा."

आमच्यातली एक आत गेली, एक दाराबाहेर पंचा घेऊन उभा राहिला. आतून आवाज येत होता: "आता पाय हं, आई. आता पाठ." तोच आवाज, तोच सूर, बदलू म्हटलं तरी बदलेना. पाठीवर पाणी पडलं तसं आईंनी दांड्यावरची मूठ जरा सैल सोडली. मग म्हणाल्या, "अगं, आता 'शहाणा माझा तो' पण म्हणून टाक." ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदा हसल्या, आणि आम्ही दाराच्या दोन्ही बाजूंना डोळे पुसत हसलो. हँड शॉवरचा आवाज ऐकून मोती मात्र केव्हाच जेवणाच्या टेबलाखाली जाऊन लपला होता. त्याला वाटलं, आपलीच पाळी.

आता मोतीही म्हातारा झालाय. मागचे पाय धरतात, त्याला दोघांनी उचलून टबात ठेवावं लागतं. आई पूजा आटोपून, काठी टेकत येतात आणि त्याच्या समोर चीजचा तुकडा धरून बसतात. सोवळ्यात अजूनही शिवत नाहीत. सोवळं उतरलं की त्याच्या कपाळावर दोन बोटं ठेवतात, न्हाणं संपेपर्यंत. गंगेचा गडू मागच्या वर्षी रिकामा झाला. नवा मागवायचा का, असं आम्ही विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बघू पुढे."

मंडळी, कुणाच्या घरी कुत्रं यायचं असेल किंवा आई-वडील यायचे असतील, तर आधी टबात चांगली रबरी चटई घाला. ती दोघांनाही लागते.