तासाला तास

आषाढ लागला, धानाचे पऱ्हे रोवणीला आले, बांधीत चिखलणी झाली की गावात पैशांशिवायचा एक मोठा व्यवहार सुरू व्हायचा. आज आमची रोवणी, परवा तुमची. मी सहावीत असताना आईचा हिशोब पाहिला आहे. दाराच्या चौकटीमागे कोळशाच्या रेघा. आई जिच्या बांधीत जाऊन आली तिच्यापुढे उभी रेघ, ती येऊन गेली की त्यावर आडवी. आईला लिहिता येत नव्हते, म्हणून नावांच्या जागी खुणा होत्या: विळा, फणी, माठ. पुस्तकी मराठीत याला सावड म्हणतात. आईने त्याला काही नाव दिल्याचे आठवत नाही.

त्या रेघांतली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. माठाच्या खुणेची म्हातारी हळू रोवायची. आईच्या तीन ओळी होत तेव्हा तिच्या दोन. तरी तिचा दिवस म्हणजे एक रेघ आणि आईचाही दिवस म्हणजे एकच रेघ.

*

शेजारची मुलगी नागपूरला शिकते. 2024 च्या जुलैमध्ये शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ केली. ओबीसी, एसईबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल अशा सगळ्या घरांना त्याचा आधार झाला. तिच्या बापाने पेढे वाटले. मग त्यांच्या ओसरीवर बसून आम्ही उरलेला खर्च मांडला. खोलीभाडे, मेस, झेरॉक्स, प्रवास, मोबाइलचा रिचार्ज, इंग्रजी बोलायचा क्लास, संगणकाचा क्लास. नागपूर आमच्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर, रोज जाऊन-येऊन करणे तिला झेपत नाही.

कागद पाहताना माझे बोट शेवटच्या दोन आकड्यांवर थांबले. खोलीभाडे चुकणार नाही, मेसही नाही. पण इंग्रजी बोलणे आणि संगणक या दोन गोष्टी शिकवू शकणारी माणसे याच गल्लीत राहतात.

*

पोलीस भरतीची मुले पहाटे साडेचारला रस्त्यावर असतात. मी फिरायला निघते तेव्हा त्यांची तिसरी फेरी चाललेली असते. मैदानी परीक्षा पन्नास गुणांची, लेखी शंभराची. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, त्यावर शंभर मीटर आणि गोळाफेक.

यांच्यातला एक मुलगा धावण्यात पट्टीचा, पण काळ-काम-वेगाच्या गणितात अडतो. दुसरा बी.एस्सी. झालेला, गणितात पक्का, पण चारशे मीटरला धाप लागते. पहाटे पहिला दुसऱ्याला धाववतो. पावले कशी टाकायची, श्वास कुठे सोडायचा, पहिल्या फेरीत दम कसा राखायचा. रात्री वाचनालयाच्या अभ्यासिकेत दुसरा पहिल्याला गणित समजावतो. कुणी कुणाला एक रुपया दिलेला नाही.

दोघे एकाच जिल्ह्यातल्या, एकाच प्रवर्गातल्या जागांसाठी अर्ज करणार आहेत. मी एकदा पहिल्याला विचारले, "अरे, तुझ्यामुळे हा पुढे गेला तर?" तो म्हणाला, "बाई, एकट्यानं धावलं का पाय जड होतेत." एवढेच बोलला आणि पुन्हा फेरीला गेला.

*

विचारवंत इव्हान इलिच यांचे शाळामुक्त समाजावरचे पुस्तक 1971 सालचे. त्यात त्यांनी कौशल्यांच्या देवाणघेवाणीची एक बँक सुचवली आहे. प्रत्येक नागरिकाला मूलभूत कौशल्ये शिकण्यापुरती थोडी पत आधीच द्यायची, त्यापुढची पत त्याने इतरांना शिकवून कमवायची.

त्याच पुस्तकात त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. 1956 मध्ये न्यूयॉर्कला शेकडो शिक्षक, समाजसेवक आणि धर्मोपदेशकांना पोर्टोरिकन वस्तीशी बोलण्यापुरती स्पॅनिश तातडीने शिकवायची होती. स्पॅनिश रेडिओवर जाहिरात दिली. हार्लेममधल्या किशोरवयीन मुलांची रांग लागली, त्यांतल्या कित्येकांनी शाळा सोडलेली. निवडलेल्या मुलांना आठवडाभर एक तयार पुस्तिका कशी वापरायची ते शिकवले आणि सहा महिन्यांत काम झाले.

शाळेने ज्यांना नापास ठरवले त्यांच्या तोंडची भाषा शिकायला शिकलेली माणसे आली होती. ही ओळ लिहिताना मला माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची मुले आठवतात. त्यांना काय येत होते ते मी पंचवीस वर्षांत फार कमी वेळा विचारले.

*

त्या बाकावर मासेमार ढिवरांची मुले असत. तलावाच्या पाळीवरची वस्ती.

निवृत्तीनंतर मी त्या वस्तीतल्या एका आजोबांकडे जाळे विणायला शिकायला गेले. त्यांना आधी पटेना. "बाई, तुमी शारेतल्या. तुमाले कायले पायजे?" मग ते अट घालून तयार झाले: सोसायटीच्या पावतीवरचे आकडे मी त्यांना वाचायला शिकवायचे. वजन, भाव, कपात, हाती आलेली रक्कम. "मले वाचता येत नाही, पन काटा खरा का खोटा ते हातानं समजते. कागद मातर हातानं समजत नाही जी."

आठवड्याला एक तास त्यांचा, एक तास माझा. गाठ बसायला मला तीन आठवडे लागले. त्यांना कपातीचा रकाना दुसऱ्याच तासाला कळला. वजाबाकी त्यांना येतच होती, फक्त कागदावरची खूण नवी होती.

*

याच कामाचे मोठे रूप आमच्या शेजारी उभे राहिले आहे. गोंदिया 1 मे 1999 ला वेगळा जिल्हा झाला, त्याआधी तो आमच्या भंडारा जिल्ह्याचाच भाग. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी या भागातल्या तलावांचा अभ्यास ढिवरांबरोबर बसून केला.

आमचे हे तलाव जुने. कोहळ्यांनी बांधले, मालगुजारांच्या ताब्यात राहिले, 1951 मध्ये मालगुजारी गेली तेव्हा सरकारकडे आले. म्हणून त्यांचे नाव माजी मालगुजारी, तोंडातले नाव मामा तलाव. पुढे कटला-रोहूचे बीज सोडण्यावर भर आला, देशी मासा घटला, पाळीच्या आत बेशरमीचे तण माजले.

कुठली पाणवनस्पती कुठल्या माशाला हवी, कुठला मासा कुठे अंडी घालतो, गाळ कधी नांगरला तर मुळे धरतात, हे ढिवर सांगत. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, पाण्याची तपासणी, नोंदीचा तक्ता अभ्यासकांकडून येई. मग उन्हाळ्यात बेशरम उपटणे, तळ नांगरणे, दुसऱ्या तलावातून देशी वनस्पती आणून लावणे. त्यात वस्तीच्या बाया पुढे होत्या. पदवी असलेला विद्यार्थी आणि न शिकलेला मच्छीमार एकाच गाळात उभे राहून एकमेकांकडून शिकले. याला शिक्षण म्हणायचे नसेल तर मग कशाला म्हणायचे, हे मला खरोखर विचारायचे आहे.

*

आमच्या झाडीबोलीत ळ चा र होतो. डोळा म्हणजे डोरा, शाळा म्हणजे शारा. आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षे ते 'सुधारले'. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी हीच बोली गोळा केली, तिचे शब्द आणि तिचे दंडार हे लोकनाट्य यांना अभ्यासाचा विषय केले. अभ्यासिकेत आता नागपूरहून आलेली एक संशोधक मुलगी बसते. तिला रोवणीची गाणी समजून घ्यायची आहेत. ती दोन मुलींना इंग्रजी निबंध शिकवते, त्यांच्या आज्या तिला शब्द सांगतात.

*

मुलांनी मुलांना शिकवावे ही कल्पना इंग्लंडात आपल्याकडून गेली. 1790 च्या दशकात अँड्र्यू बेल मद्रासच्या अनाथाश्रमाचा प्रमुख होता. त्याने देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली. आपल्या पंतोजींच्या शाळेतली धुळपाटी ती हीच. त्याने ती पद्धत आश्रमात आणली, थोरल्या मुलांना धाकट्यांचे शिक्षक केले आणि 1797 मध्ये त्यावर अहवाल छापला. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर अशाच रीतीने एका मास्तरावर शेकडो मुलांची शाळा चालवू लागला.

मला या इतिहासातली खुशी टिकवता येत नाही. तिथे शिकवणारे मूल शिकण्याहून जास्त राबले. गरिबांची शाळा स्वस्तात निघते, एवढेच वरच्या लोकांना त्यात दिसले. म्हणून ठळक लिहून ठेवते: आपली देवाणघेवाण पाहून कुणी शिक्षकाची जागा रिकामी ठेवू लागला, तर पहिला विरोध आपण करायचा.

*

2017 च्या खरिपात तुडतुड्याने आमचे धान बसवले. लोंबी भरायच्या वेळी बांधीच्या मधोमध गोल चट्टे, जळल्यासारखे. त्या साली फवारणीवर किती पैसा गेला याची आठवण आजही घराघरांत आहे.

याच किडीने इंडोनेशियाला शेतीशाळा सुचवली. फवाऱ्याने कोळी आणि इतर मित्रकीटक मरत आणि तुडतुडा उलट वाढे. 1986 मध्ये तिथल्या सरकारने धानावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी आणली. 1989 पासून जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने बांधावरच्या शाळा निघाल्या. फळा नाही, भाषण नाही. हंगामभर ठरलेल्या दिवशी शेतकरी जमतात, एकेक चूड वाकवून बुडाशी कीड मोजतात, कोळी मोजतात, चित्र काढतात, एकमेकांशी वाद घालतात. पुढे शिकलेले शेतकरीच दुसऱ्या गावाची शाळा चालवू लागले. दहा वर्षांत दहा लाखांच्या वर शेतकरी त्यातून गेले.

आपल्या कृषी विभागाच्या शेतीशाळा त्याच वाटेवरच्या. मी आमच्याकडच्या एका शाळेला जाऊन बसले आहे. साहेब बोलत होते तोवर मागच्या रांगेत कुजबुज चालू होती. एका बाईने चूड उपटून आणून पुढे ठेवला, तेव्हा सगळे उठून भोवती जमले.

*

दादाजी खोब्रागडे, गाव नांदेड, तालुका नागभीड, शिक्षण तिसरीपर्यंत. 1983 मध्ये धानातल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी राखल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ झाला. बी शेतकऱ्याच्या हातून शेतकऱ्याच्या हाती गेले, झाडीपट्टीभर पसरले. 3 जून 2018 ला ते गेले, गरिबीतच. त्यांनी सगळ्यांना दिले. त्यांच्या खात्यावर रेघ ओढायला कुणी वही ठेवली नव्हती.

*

आमची वही. वाचनालयाच्या टेबलावर शंभर पानी वही, दोन रकाने: 'मी शिकवीन' आणि 'मला शिकायचे'. पहिल्या महिन्यात दुसरा रकाना दोन पाने भरला. पहिल्यात चार नावे, चौघेही पदवीधर. बाया म्हणत, "आमाले काय येते जी?"

मग मी प्रश्न बदलला. तुमच्या घरी लोक काय विचारायला येतात? दुपारभर बसून उत्तरे लिहिली. बाळंतिणीला तेल लावणे. शेळीचे अडलेले करडू सोडवणे. कोसा उकळून धागा काढणे. ब्लाउजचा कटोरी कट. मोटारचे वायंडिंग. बचतगटाचे रजिस्टर. पितळेच्या भांड्याला कल्हई. दंडारीतली ढोलकी. चार पाने झाली.

नियम थोडेच केले. तासाला तास. इंग्रजीचा तास आणि कल्हईचा तास सारखा. ज्याच्याकडून शिकलात त्यालाच परत द्यायला हवे असे नाही. वहीतल्या कुणालाही द्या. वयाची अट नाही. यातला पहिला नियम सोडून बाकी कशावरही वाद झाला नाही. त्या पहिल्यावर मात्र एक इंजिनिअर मुलगा म्हणाला, माझ्या कोडिंगचा तास आणि शेळीचा तास एक कसा? मी त्याला आईच्या चौकटीमागच्या रेघा सांगितल्या. त्याला पटले की नाही माहीत नाही. पण तो येतो.

*

जे जमले नाही तेही लिहिते. एका घराने मुलीला तलावाच्या वस्तीत शिकायला जाऊ दिले नाही. कारण बोलले नाहीत, मला कळले. मी भांडले नाही, आणि ते आजही मला टोचते. नंतर त्या आजोबांनाच वाचनालयात बसायला बोलावले. ती मुलगी तिथे आली, जाळ्याची सुई हातात धरून गेली. घरी काय सांगितले ते मी विचारले नाही.

दोन मुलांनी महिनाभर गणित घेतले, भरतीत निवड झाल्यावर ती गावात दिसली नाहीत. त्यांची रेघ उघडी आहे.

आणि नर्सिंग, प्रयोगशाळा, पदवीचा शिक्का, यांतले काही या वहीतून मिळत नाही. शेजारच्या मुलीचे खोलीभाडे वहीने दिले नाही. दोन क्लासचे पैसे तेवढे वाचले. ती दर दुसऱ्या रविवारी येते, इथल्या बायांना फोनवर सातबारा काढून दाखवते आणि तिच्या तासांत एका निवृत्त पोस्टमास्तरांशी इंग्रजी बोलते.

*

आजोबांचे डोळे गेले आहेत. मोतीबिंदूची तारीख मिळाली आहे, तोवर पावती वाचायची तर आकडे दिसत नाहीत. मी म्हटले, राहू द्या, मी वाचते. ते म्हणाले, "नाही जी, मंग तुमचे दोन तास माह्यावर चढले." आणि नातीला पुढे केले. आता ती सातवीतली पोर माझ्या जाळ्याची चुकलेली गाठ सोडवते, आजोबांच्या नावावर.