ओल्या ओंडक्याचं कातकाम

ओलं लाकूड लेथवर फिरायला लागलं की पाणी उडवतं. ओंडका नुकताच झाडावरून उतरलेला असेल, तर पटाशी टेकवल्याबरोबर चष्म्यावर, सदऱ्यावर बारीक तुषार येतात आणि मागच्या भिंतीवर एक ओला पट्टा उमटतो. ताज्या लाकडातल्या पाण्याचं वजन कधीकधी कोरड्या लाकडाच्या वजनाइतकं, क्वचित त्याहून जास्तही भरतं, हे मी आधी वाचलं होतं. वाचून कोणी भिजत नाही. लेथपाशी भिजलो तेव्हा कळलं की मुळांनी जमिनीतून ओढलेलं पाणी आता माझ्या बाहीवरून ओघळतंय.

आपल्याकडे लेथ म्हटलं की लोखंडच डोळ्यांपुढे येतं. भोसरी, पिंपरी-चिंचवड, कोल्हापूरचं उद्यमनगर, कूलंटचा दुधी ओघ आणि आयटीआयचा टर्नर. लाकडाचा लेथ मात्र त्या सगळ्याचा खापरपणजोबा. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताच्या थडग्यात इ.स.पूर्व 300 च्या सुमाराचं एक कोरीव चित्र आहे. त्यात एक जण दोरी ओढून लाकूड फिरवतोय आणि दुसरा त्यावर हत्यार धरून बसलाय. आपल्या घरातली लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे कातीव खांब कातारी असेच काढत आले. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडाची रंगीत फळं बघत मीही तासन्तास उभा राहिलोय. पण लाख चढवायला लाकूड वाळलेलं लागतं. मला नाद लागला तो ओल्याचा.

नवशिक्यानं ओल्यापासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत झालंय. वाळलेलं बाभळीचं लाकूड हत्याराला उलटं बोलतं. धूळ उडते, नाकात जाते, पटाशी तापते, धार दहा मिनिटांत बोथट होते. ओलं लाकूड दुधीभोपळ्यासारखं कापलं जातं आणि धुळीचा प्रश्नच येत नाही. शिवाय ते फुकट असतं. शहरात झाड तोडायचं तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार रीतसर परवानगी लागते, आणि लागायलाच हवी. मी फक्त वाऱ्यानं पाडलेल्या आणि पावसाळ्याआधी महापालिकेनं छाटलेल्या फांद्यांवर डोळा ठेवून असतो. पूर्वी रस्त्यानं जाताना झाडाची फुलं दिसायची, आता फांदीचा घेर दिसतो. घरच्यांना ही अधोगती वाटते.

हत्यार धरायला शिकवलं ते शेजारच्या काकांनी. त्यांनी उभं आयुष्य एका कारखान्यात लोखंड कातण्यात घालवलं. ‘थाऊ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग हे त्यांचं माप. लाकूड त्यांना जरा पोरकट वाटतं, पण फिरणारी कुठलीही वस्तू दिसली की ते थांबतात. मी गोल पटाशीची धार सरळ लाकडावर नेत होतो. त्यांनी मनगट धरलं. “अरे, धार नंतर. आधी पाठ टेकव.”

पाठ म्हणजे धारेमागची घासून काढलेली उतरण. ती फिरत्या लाकडावर नुसती टेकवायची. काहीच कापलं जात नाही. हातात फक्त एक घरघर येते. मग मूठ अगदी सावकाश उचलायची, जवळजवळ विचार करावा इतकीच. कुठल्या तरी एका क्षणी घरघर थांबते, तिच्या जागी सुर्रर्र असा लांब, ओला आवाज येतो आणि पटाशीच्या खोबणीतून ढलपी बाहेर पडू लागते. ती तुटत नाही. हातभर, दोन हात लांब होत खांद्यावरून मागे जाते. हात तिथेच ठेवून सगळं अंग हळूहळू एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचं, म्हणजे वळण एकसंध उतरतं. ढलप्यांत पाय घोट्यापर्यंत बुडतात. खरं सांगायचं तर वाडगा हे निमित्त आहे. मला त्या ढलप्याच हव्या असतात.

झाडागणिक हा अनुभव बदलतो. फणस आतून पिवळाधमक निघतो आणि उजेडात राहिला की महिन्यांनी तपकिरीकडे झुकतो. आंबा कातायला सोपा, पण त्याचा चीक काहींच्या कातडीला बाधतो, तेव्हा पूर्ण बाह्या. बाभूळ, जांभूळ यांत टॅनिन भरपूर. ओल्यावर लोखंड टेकलं की निळे-काळे डाग पडतात, हातही शाई सांडल्यासारखे होतात. पावसाळ्यात आंब्याचा ओंडका आठवडाभर विसरला की बुरशी त्याच्यात राखाडी-निळ्या रेघा ओढून ठेवते. तो डाग समजायचा की नक्षी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी नक्षी समजतो.

कातून झालं की खरी गंमत सुरू होते आणि तिच्यात आपला हात नसतो. लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत मोकळं, आणि पेशींच्या भिंतींत मुरलेलं. मोकळं पाणी गेल्यानं लाकूड फक्त हलकं होतं. ओल साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरली, भिंतींतलं पाणी निघू लागलं, की ते आकसतं. तेही सगळीकडे सारखं नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मं गाभ्याकडून सालीकडे. लांबीत तर जवळपास नाहीच. म्हणूनच अख्खा ओंडका उलतो. म्हणून तो आधी मधोमध चिरायचा, गाभ्याचा ठिपका काढून टाकायचा आणि मग अर्ध्यातून वाडगा कातायचा. आपण काढलेलं वर्तुळ वाळता वाळता लंबगोल होतं. काठ सरळ राहत नाही. वाडगा पालथा घातला तर डुलतो.

यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, आत्ता जाड काता, व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी भिंत ठेवा. त्याच्याच ढलप्यांत गुंडाळून कागदी पिशवीत काही महिने विसरा, मग पुन्हा लेथवर चढवून गोल करा. काका अर्थातच या पंथाचे. दुसरा पंथ म्हणतो, आत्ताच पातळ काता आणि लाकडाला हवं ते करू द्या. मी या दुसऱ्याचा. पातळ करताना पलीकडे दिवा लावून ठेवतो. भिंत सूतभर उरली की ओल्या लाकडातून लालसर उजेड पार येऊ लागतो, आणि कुठे अजून जाड आहे ते सावलीवरून दिसतं. मग वाडगा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन भिंतीवर लिहायचं. रोज उतरणारं वजन एक दिवस थांबतं, तेव्हा तो वाळला. आपली पावसाळी दमट हवा या कामाला फार चांगली, कारण पाणी सावकाश जातं. एप्रिल-मेच्या पुण्यात मात्र रात्रीत तडा जातो, चांगला टाचणी पडल्यासारखा आवाज करून.

जांभळाचा एक वाडगा असा मुरडून वाळला होता. काकांनी खिशातून व्हर्नियर काढलं, आडवं लावलं, उभं लावलं. “सहा मिलिमीटरचा फरक. ओव्हल आहे. आमच्याकडे हा जॉब रिजेक्ट.” मग ठेवून देण्याऐवजी दोन्ही तळव्यांत धरून बसले. लंबगोल वाडगा ओंजळीत गोल वाडग्यापेक्षा बरा बसतो, हे त्यांना कळलेलं होतं, बोलले नाहीत.

त्यांना मी इंग्लंडमधल्या जॉर्ज लेलीची गोष्ट सांगितली. बकलबरी गावचा हा कातारी 1958 मध्ये वारला. पायानं दाबायचा, वर लवचिक दांडीला दोरी बांधलेला लेथ त्यानं शेवटपर्यंत चालवला. एल्मच्या ओल्या ठोकळ्यातून तो एकात एक बसणारे वाडगे काढायचा. आतला वाडगा सोडवायला आकडीसारखी वाकडी हत्यारं. तो लेथ आज रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात आहे. त्याच देशातले चिल्टर्न टेकड्यांतले कारागीर बीच झाडांच्या रानातच मुक्काम टाकून खुर्च्यांचे पाय ओले कातत. ओल्या लाकडाच्या खुर्चीत एक युक्ती असते: वाळलेला दांडा जरा ओलसर भोकात ठोकायचा, भोक पुढे आकसून त्याला आवळून धरतं. हे ऐकून काका एकदम सरसावून बसले. “म्हणजे श्रिंक फिट! आम्ही रिंग तापवून चढवायचो.” त्या दिवसापासून लाकूड त्यांच्या लेखी धातूंच्या पंगतीत बसलं.

सध्या आमची दोघांचीही नजर रेनट्रीवर आहे. हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, आपल्या रस्त्यांवर सावलीसाठी लावलेलं. हवाईत याच लाकडाचे वाडगे प्रसिद्ध आहेत, कारण ते वाळताना फारच कमी आकसतं; ओलं कातलं तरी सहसा तडकत नाही. आत चॉकलेटी नार, कडेला फिकट पट्टा. गोलवाल्यांचा आणि वाकड्यावाल्यांचा तह व्हावा असं लाकूड. आणि आपण त्याचं काय करतो, तर फांदी पडली की तुकडे करून गाडीत भरतो.

काल रात्री वारा सुटला होता. सकाळी साडेसहाला काकांचा फोन.

“अरे, कोपऱ्यावरची फांदी आली खाली. महापालिकेची गाडी यायच्या आत करवत घेऊन ये. मी मोजलंय, तेरा इंच भरतंय. तुझ्या लेथवर बाराच मावतं ना? साल काढावी लागेल.”