कापूस गेला, माणसे आली

अनसिंगच्या काळ्या मातीत आमचे बालपण गेले. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या बैलगाड्या वाशिमच्या वाटेला लागत. हा कापूस जातो तरी कुठे, असे आम्ही आजीला विचारीत असू. "ममईले जाते, अन् तिथून समुद्रापल्याड," एवढेच ती सांगे.

समुद्रापल्याड म्हणजे चीनदेखील, हे आम्हांला पुढे वाचनातून उमगले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबई बंदरातून कँटनला कच्चा कापूस जाई. पुढे त्याच्या जोडीला माळव्याची अफूही गेली. १८७० साली खामगावला आगगाडी आली आणि वऱ्हाडच्या कापसाला बंदर जवळ झाले. त्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांचे सूत चिनी बाजारात खपू लागले.

मालाच्या त्याच वाटेने माणसेही आली. १८४२ साली ब्रिटिशांच्या हाती गेलेल्या हाँगकाँगमधून दक्षिण चीनमधील असंख्य गोरगरीब पोटासाठी कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलियापर्यंत पांगले. त्या मुलखातले काही खलाशी मुंबईच्या गोदीलगत स्थिरावले. माझगावात १९१९ साली उभे राहिलेले 'सी यप कून' हे मंदिर त्यांचेच. सी यप म्हणजे 'चार परगणे'. सोडून आलेल्या मुलखाचे नाव त्यांनी देवळाला दिले.

नोकरीनिमित्त मुंबईस आलो तेव्हा आमच्या वऱ्हाडी बोलीला लोक हसत. अशाच एका उदास रविवारी आम्ही त्या देवळाचा जिना चढलो. तेथील वृद्ध गृहस्थांनी हिंदीत आमचे गाव विचारले. अनसिंग त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचे गाव आम्हांला. तरीही कुणीतरी गाव विचारले, याने मन भरून आले.

आणि त्याच क्षणी आम्ही खजील झालो. १९६२ च्या युद्धाच्या वेळी शाळेत 'चिनी' ही शिवी होती, अन् ती आमच्याही तोंडी होती. त्या काळात चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले गेले. त्यांतील कित्येकांचा जन्म याच देशात झालेला होता. मुंबईतील चिनी कुटुंबांनीही हळूहळू शहर सोडले.

त्या गृहस्थांना आम्ही हे सांगू शकलो नाही. नमस्कार करून जिना उतरलो. आज अनसिंगची मुले पुण्या-मुंबईस निघतात, तेव्हा आम्ही त्यांना एकच सांगतो : परक्या शहरात कुणी एकटा दिसला, तर आधी त्याचे गाव विचारा.