निपाणीजवळच्या एका परसात

निपाणी जवळ आली की डोळे मिटून बसलेल्या प्रवाशासही ते कळते. पुणे-बंगळूर रस्त्यावरून गाडी शिवेत शिरते न शिरते तोच वखारींतील तंबाखूचा उग्र वास नाकाशी येतो. या मुलखातील कितीतरी चुली त्याच्याच आधारावर पेटतात. त्यास नावे ठेवण्याचा अधिकार आम्हां पाहुण्यांस नाही.

गेल्या भाद्रपदात आम्ही तेथील एका आप्तांकडे उतरलो होतो. पाऊस उघडला होता. घरची व शेजारची मिळून सात मुले परसात गोळा झाली. तेरड्याच्या फुगलेल्या बोंडांस बोट लागताच ती तडकत, बी उडे आणि मुले किंचाळत. आघाडा तर सर्वांच्या कपड्यांस चिकटला. आंबुशीची आंबट पाने आम्ही चाखू दिली, पण विचारल्यावाचून काही तोंडात घालावयाचे नाही, हे आधीच बजावले होते. कुंपणाला कण्हेर होती, पलीकडे तंबाखूचे शेत. कण्हेर पोटात गेली तर जिवावर बेतते. तंबाखूचे ओले पान नुसते हाताळले तरी त्यातील विष कातडीवाटे भिनून घेरी व ओकारी येते.

मग रुमालाचा खेळ मांडला. डोळे बांधून वस्तू ओळखण्याचे असे खेळ मारिया मॉन्टेसरी यांनी बालशिक्षणात आणले. त्या स्वतः १९३९ साली मद्रासेस आल्या होत्या. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस खेड्यातील बालवाडी काढली, तेव्हा महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले घेतले. परसात यांपैकी शिंपल्यांचीच काय ती वाण होती.

गवती चहा चटकन ओळखला गेला. ओव्याचे पान चुरगळताच एक मुलगा ओरडला, “दोड्डपत्रे!” बाकीच्यांनी “ओवा!” म्हणून गिल्ला केला. दोन्ही उत्तरे आम्ही बरोबर धरली. सीमाभागातील वाद मोठ्यांनी करावेत.

शेजारची सहा-सात वर्षांची एक मुलगी मात्र प्रत्येक पानास “तंबाखू” म्हणे. मोगरा दिला, तंबाखू. कढीपत्ता दिला, तरी तंबाखू. मुले हसू लागली. आम्हांसही प्रथम ती चेष्टा वाटली. मग ध्यानात आले की पान ती स्वतःच्या बोटांत धरून हुंगत होती. तिची आई घरी विड्या वळते आणि ही जवळ बसून तंबाखू भरू लागते. मुलांस विडीच्या कारखान्यात कामास ठेवू नये, असा कायदा १९६६ साली झाला. घराच्या उंबऱ्याआत त्याची दृष्टी पोहोचली नाही.

आजींनी तिचे हात राखेने घासले, दोनदा धुतले. वास राहिलाच. तेव्हा त्यांनी तिचे हात पाठीमागे धरावयास लावून गवती चहाची पात स्वतः तिच्या नाकाशी नेली. मुलगी क्षणभर थांबली. “चहा,” ती हळूच म्हणाली, आणि पुन्हा एकदा मागितला.

निघताना तिने एक ठोंब मागून घेतला. तो दाराशी लावावा की मोरीजवळ, एवढेच तिला आजींस विचारावयाचे होते.